दख्खनचा काळा दगड दळून भाताच्या खाचरात टाकला तर? (तापमानवाढीवर एक प्रस्ताव)

कातळवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय मांडतोय, जरा लांबण लागेल.

औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. कोळसा आणि तेल जाळणं कमी करणं हाच मुख्य उपाय, त्यात दुमत नाही. पण जो वायू आधीच वर जाऊन बसलाय त्याचं काय? वर गंधकाची फवारणी करून ऊन परतवायचं, समुद्रात लोह टाकायचं, असे बरेच प्रस्ताव आहेत. माझा प्रस्ताव आपल्या पायाखालचा आहे.

पावसाचं पाणी कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि सौम्य आम्लधर्मी होतं. ते बेसॉल्टला, म्हणजे आपल्या काळ्या दगडाला लागलं की दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं आणि कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्यात उतरतो. ओढा, नदी, समुद्र असा प्रवास करून तो तिथं हजारो वर्षं राहतो. निसर्ग हे काम कोट्यवधी वर्षं करतोय, फक्त फार सावकाश, कारण अखंड कड्याचा वरचा थर तेवढाच पाण्याला लागतो. दगडाचं पीठ केलं तर पाण्याला लागणारा पृष्ठभाग हजारो पटींनी वाढतो.

आपला दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. डेनिस केंट आणि जिओव्हानी मुत्तोनी यांनी २००८ मध्ये मांडलंय की भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकताना हा बेसॉल्ट विषुववृत्ताजवळच्या पावसाळी पट्ट्यात आला, झिजला, आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीनंतर पृथ्वी थंड होत गेली त्यात त्या झिजेचा वाटा होता. म्हणजे या दगडाने हे काम एकदा केलेलं असावं.

तर प्रस्ताव असा: खडी क्रशरवर जी डस्ट पडते ती आणखी बारीक करून कोकणातल्या भातशेतीत पसरायची. पाऊस ३००० मिलिमीटर, हवा उष्ण, जमीन आम्लधर्मी. झिजेला जे जे लागतं ते सगळं तिथं आहे. २०२० साली डेव्हिड बीअरलिंग आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये जगभरच्या शेतजमिनींचा हिशेब मांडला होता: वर्षाला ५० ते २०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड ओढता येईल, आणि सर्वांत जास्त वाव असलेल्या देशांत चीन, अमेरिका, ब्राझील यांच्याबरोबर भारतही.

दोन प्रश्न. कुणी शेतात क्रशरची डस्ट टाकून पाहिलीय का? आणि या कल्पनेत खोट कुठं आहे?

रानमेवा

वाचतेय. पहिली शंका: दगडाला कार्बनचा भाव आला की आमच्या मागच्या टेकडीचं काय होणार? आधीच अर्धी गेलीय.

घणकरी

आमचं घर खडीच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो. डस्ट फुकट पडून असायची ते दिवस गेले. नदीच्या वाळूवर बंधनं आल्यापासून क्रश सँड हाच मोठा माल झालाय, बांधकामवाले ब्रासने उचलतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वजनाला साधारण साडेचार टन. शिवाय तुम्हाला हवी तेवढी बारीक ती नसतेच, त्यात चार मिलिमीटरपर्यंतचे दाणे असतात.

पण एक गोष्ट खरंच टाकाऊ आहे. वॉश सँडच्या प्लांटवर वाळू धुतली की राखाडी पाणी निघतं. ते खड्ड्यात सोडतात, पाणी निथळलं की तळाशी गाळ बसतो. आठ-दहा दिवसांनी त्याला भेगा पडतात, पोपडे सुटतात, आणि पोपडा दोन बोटांत चुरला की कण हाताला लागतच नाही, नुसता बोटांच्या रेषांत भरतो. बांधकामाला तो चालत नाही, काँक्रीटला पाणी जास्त लागतं. उचलून टाकायचे पैसे आम्हालाच पडतात. हा गाळ कुणी नेणार असेल तर @रानमेवा ताई, नवीन टेकडी फोडावी लागणार नाही.

कातळवाट

@घणकरी, हे मला माहीत नव्हतं. दळायचा खर्चच वाचला की! या सगळ्यात वीज खाणारं काम तेच आहे.

त्रैराशिक

कल्पना आवडली, म्हणून आकडे मांडून बघितले.

अभ्यासांत साधारण हेक्टरी ४० टन दगड धरतात. म्हणजे एकरी १६ टन, घणकरींच्या हिशेबाने साडेतीन ब्रास. पूर्ण झिजल्यावर तीन-चार टन बेसॉल्टमागे एक टन कार्बन डायऑक्साइड धरू. एकरी चार टन झाले. भारतात माणशी उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे एका एकरात दोन माणसांचं एका वर्षाचं. मला हा आकडा लहान वाटत नाही.

आता राज्य. महाराष्ट्रात भात साधारण १५ लाख हेक्टरवर. सगळीकडे टाकायचं तर ६ कोटी टन दगड, बदल्यात दीड कोटी टन कार्बन डायऑक्साइड. देशाचं उत्सर्जन ३०० कोटी टनांच्या आसपास. अर्धा टक्का. त्यातून डिझेल आणि वीज वजा करा.

आणि 'पूर्ण झिजल्यावर' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. अमेरिकेत इलिनॉयमध्ये मका-सोयाबीनच्या शेतात चार वर्षं दरवर्षी हेक्टरी ५० टन बेसॉल्ट टाकला. चार वर्षांत २०० टन दगड, आणि कार्बन पकडला गेला तो हेक्टरी साडेदहा टनांच्या आसपास. चाराला एक कुठं आणि एकोणीसला एक कुठं. बाकीचा दगड पुढं झिजेलही, पण आज हिशेबात धरता येत नाही. उत्पादन मात्र १२ ते १६ टक्के वाढलं.

मिरगाचापाऊस

मूळ धागा दगडाचा आहे, पण गंधकाच्या फवारणीचा उल्लेख आलाय म्हणून. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला, दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला आणि जगाचं तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. त्यावरूनच २००६ मध्ये नोबेल विजेते पॉल क्रुट्झेन यांनी मुद्दाम गंधक सोडण्याच्या पर्यायावर गांभीर्याने संशोधन करा असं लिहिलं. पण आपण मान्सूनवर जगणारी माणसं. जमीन तापते म्हणून पाऊस आत येतो. मोठ्या ज्वालामुखींनंतर मान्सून दुबळा पडल्याच्या नोंदी आहेत. २०१३ च्या एका अभ्यासात गंधक फक्त उत्तर गोलार्धात सोडलं तर आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात दुष्काळ पडेल असं दिसलं. दुसऱ्या कुणाच्या तरी पावसावर हात ठेवून आपण थंड व्हायचं, हे मला पटत नाही. दगडाचं पीठ त्या मानाने गरीब: चुकलं तर आपल्याच बांधापर्यंत चुकेल.

सोलापूरकर

पावसावर हात ठेवण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्याकडे कृत्रिम पाऊस दर दुष्काळात निघतो. २००३, २०१५, २०१९. विमान आलं की पेपरात फोटो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापुरात नीट प्रयोग केला, तेव्हा योग्य ढगांत बीजारोपण केल्यावर (म्हणजे थेंब जमावेत म्हणून विमानातून क्षारांचे बारीक कण सोडल्यावर) पाऊस १८ टक्क्यांच्या आसपास वाढलेला दिसला. पण ढग आधी असायला हवेत! ढगच नसलेल्या दुष्काळात विमान काय करणार?

दोनापावला

गोव्यातून. समुद्रात लोह टाकण्याचा विषय आमच्या अगदी दाराशी घडलाय, म्हणून सांगतो.

२००९ च्या जानेवारीत जर्मनीचं 'पोलारस्टर्न' जहाज केपटाउनहून दक्षिण महासागराकडे निघालं. मोहीम भारत-जर्मनीची, नाव लोहाफेक्स. आपल्या बाजूने दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, मोहिमेचे प्रमुख वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक. कल्पना अशी की तिथल्या पाण्यात बाकी पोषण आहे, लोह नाही. लोह दिलं की सूक्ष्म वनस्पती फोफावतील, कार्बन खातील, मरून तळाला जातील. निघता निघता जर्मनीत आरडाओरडा झाला, प्रयोग थांबवला, मग परवानगी मिळाली. समुद्रातल्या एका भोवऱ्याच्या आत ३०० चौरस किलोमीटरच्या तुकड्यात लोह सोडलं.

वनस्पती वाढल्या. पण त्या पाण्यात सिलिका कमी होती, त्यामुळे काचेसारखं कवच असलेले, जड होऊन बुडणारे डायटम वाढलेच नाहीत. जे वाढलं ते कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जिवांनी खाल्लं आणि त्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी. कार्बन तळाला फारच थोडा गेला.

मी याला फसलेला प्रयोग मानत नाही. कागदावर कितीही सोपं दिसलं तरी जिवंत पाण्यात काय होतं ते टाकून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळलं. दगडाच्या बाबतीतही आधी लहान तुकड्यावर बघा.

काळीरान

मी परभणीकडचा. कापूस-सोयाबीन. आमच्या रानात टाकायचा का हा गाळ? जमीन काळी, खोल आहे.

मृदगंध

मृदाशास्त्र हा माझा विषय आहे, जरा सविस्तर लिहिते.

@काळीरान दादा, टाकू नका. तुमची काळी जमीन मुळात याच दगडाची झीज आहे. सामू (पीएच) आठच्या आसपास, खाली चुनखडीचे खडे. अशा जमिनीत आम्ल कमी, त्यामुळे दगड हळू झिजतो. शिवाय सुटलेलं कॅल्शियम तिथंच चुनखडी होऊन बसतं, आणि चुनखडी होताना पकडलेला निम्मा कार्बन डायऑक्साइड परत हवेत जातो. पिकालाही वेगळं काही मिळणार नाही.

कोकणची गोष्ट उलट. जांभा म्हणजे बेसॉल्टच, पण लाखो वर्षांच्या पावसाने त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिका धुऊन नेलेली. उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. त्या मातीला ताजा बेसॉल्ट देणं म्हणजे गेलेलं परत देणं. आम्लता कमी होईल, थोडा स्फुरदही (फॉस्फरस) मोकळा होईल. शिवाय भात हे सिलिका मागणारं पीक. सिलिका मिळाली की पात ताठ राहते, करपा आणि खोडकिडा कमी होतो.

आता खोट विचारलीत म्हणून दोन सांगते. पहिली युरियाची. युरियातला अमोनिया हवेशीर मातीत नायट्रिक आम्लापर्यंत जातो. दगड त्या आम्लाने विरघळला तर कॅल्शियम सुटतं, पण कार्बन पकडला जात नाही. नुसतं 'दगड किती झिजला' मोजलं तर फुगलेला आकडा मिळतो. पाणी तुंबलेल्या खाचरात हे कमी होतं, हा भाताचा फायदा.

दुसरी खोट: सुटलेलं कॅल्शियम लगेच पाण्याबरोबर जात नाही. चिकणमातीचे कण ते धरून ठेवतात, कधी कधी काही वर्षं. तोवर बायकार्बोनेट नदीला लागत नाही. एका पावसाळ्यात काहीच दिसलं नाही तर कल्पना खोटी ठरली असं समजू नका, आणि एका पावसाळ्यावर कार्बन क्रेडिटही (पकडलेल्या कार्बनचे दाखले) विकू नका.

काळीरान

स्पष्ट सांगितलंत, बरं झालं. नाहीतर उद्या कुणी एजंट येऊन आमच्या गळ्यात मारला असता.

खालचीआळी

कातळवाट भाऊ, तुम्ही कोकण म्हणता, पण आमची खाचरं पाहिलीयत का? उताराच्या पायऱ्या. ट्रॅक्टर सोडा, पॉवर टिलरसुद्धा दोघांनी उचलून वरच्या बांधावर चढवावा लागतो. एकरी १६ टन म्हणजे गुंठ्याला ४०० किलो. पंचवीस किलोच्या सोळा पाट्या एका गुंठ्याला, डोक्यावरून. माझ्याकडे अठरा गुंठे आहेत. राबायला घरात मी आणि सासूबाई, नवरा मुंबईला. मजुरी किती देऊ आणि कुणाला देऊ? माणसंच मिळत नाहीत.

सिलिकाचं म्हणाल तर आम्ही रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख घालतो. चारसूत्री लागवडीत ते पहिलंच सूत्र आहे, नंतर गिरिपुष्पाचा पाला, नेमकी लावणी आणि ब्रिकेट, म्हणजे खताच्या गोळ्या. राखेने रोपं खरंच दणकट होतात. म्हणजे तुमचं म्हणणं मला नवीन नाही. पण राख घरची आहे आणि हलकी आहे.

कातळवाट

@खालचीआळी ताई, हा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. नुसत्या कार्बनसाठी तुम्ही पाट्या वाहाव्यात असं मी कधीच म्हणणार नाही. सगळ्या खाचरात न टाकता आधी रोपवाटिकेच्या वाफ्यात टाकून बघता येईल, एक-दोन गुंठ्यांत. ज्या शेतकऱ्याला फायदा दिसत नाही त्याच्या शेतात हे जाता कामा नये.

झाडीपट्टी

आमच्याकडे, भंडारा-गोंदिया बाजूला, बांध्या (तुमची खाचरं) सपाट आहेत. ट्रॅक्टर-ट्रॉली थेट धुऱ्यापर्यंत जाते. धानाखालची जमीन बऱ्याच ठिकाणी किंचित आम्लधर्मी, पाऊस १३००-१४०० मिलिमीटर, मामा (माजी मालगुजारी) तलावांचं पाणी. खडक मात्र आमचा बेसॉल्ट नाही, जुना ग्रॅनाइट वगैरे. म्हणजे दगड पश्चिमेकडून आणावा लागेल आणि अंतर वाढलं की डिझेल वाढणार.

हे नुसतं बोलण्यातलं राहिलेलं नाही. शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगडमध्ये माती कार्बन नावाची संस्था लहान शेतकऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत बेसॉल्टची भुकटी पसरते. २०२५ मध्ये त्यांना एक्सप्राइझ या कार्बन काढण्याच्या जागतिक स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. शेतकऱ्याकडून पैसे घेत नाहीत, खर्च कार्बन विकून निघावा अशी रचना. @खालचीआळी यांच्या मजुरीचं उत्तर असंच काहीतरी असायला हवं.

बंडूनाना

आमच्या अण्णांचं बागेतल्या दगडांवर भारी प्रेम. त्यांना सांगितलं, दगड कार्बन खातो. आता रोज सकाळी त्यांना पाणी घालतात!

मृदगंध

अण्णांना म्हणावं, बारीक करून घाला, खाणं वाढेल. :)

सह्यतळ

थोडं अवांतर. आइसलँडमध्ये हेल्लिशेइदी इथं कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून थेट जमिनीखालच्या बेसॉल्टमध्ये सोडतात, दोन वर्षांत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आपला बेसॉल्ट घाटात दोन किलोमीटरपर्यंत जाड आहे. शेतकऱ्याच्या डोक्यावर पाट्या देण्यापेक्षा औष्णिक वीज केंद्राचा धूर सरळ खाली का सोडू नये?

कोयनाकाठ

@सह्यतळ, आमच्या भागात कृपा करून नको. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप अजून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात असतो. कोयनेचे धक्के धरणाच्या पाण्याशी जोडलेले आहेत हे जगभर मान्य आहे, म्हणून तर कराडजवळ खोल विंधनविवरं घेऊन अभ्यास चाललाय. हेल्लिशेइदीलाही २०११ मध्ये पाणी जमिनीखाली सोडताना छोटे धक्के बसले होते. जागा बघून करा, एवढंच म्हणणं.

उघडेदार

मला हे सगळं वाचून काळजी वाटतेय. असे उपाय निघाले की कंपन्या म्हणणार, जाळा कोळसा, दगड आहेच. त्रैराशिकांचा आकडा बघा, सगळं राज्य दळून अर्धा टक्का. तेवढीच ताकद सौर पंपांमागे लावली तर?

त्रैराशिक

@उघडेदार, काळजी रास्त आहे. पण माझ्याच आकड्याची दुसरी बाजूही बघा. उद्या उत्सर्जन शून्यावर आणलं तरी ४२० खाली यायला फार फार काळ लागेल. उरलेलं काढायला काहीतरी लागणारच. आणि क्रशरचा गाळ आज खड्ड्यात पडून आहे, त्याने सौर पंपाचा एक रुपयाही खाल्लेला नाही. माझी अट एकच: या टनांच्या बदल्यात कुणाला कोळसा जाळायची सूट नको.

रानमेवा

आणि धूळ? क्रशरजवळच्या गावात राहिलेय म्हणून विचारते. धुणं दोरीवर राखाडी होतं. कोरडं पीठ शेतात उधळलं तर ते आमच्याच फुप्फुसात जाणार.

घणकरी

गाळ ओलाच न्यायचा. ओला असताना उडत नाही, फावड्याने पसरता येतो. वजन वाढतं, पण दुसरा मार्ग नको. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्‌झ फार थोडं, त्यामुळे तो ग्रॅनाइटच्या धुळीइतका घातक नाही, तरी धूळ ती धूळच. एक आणखी: काही प्लांटवर पाणी लवकर निथळावं म्हणून रसायन घालतात. गाळ घेण्याआधी विचारा. घालत असतील तर शेतात नको.

मृदगंध

@घणकरी, रसायनाचा मुद्दा फार मोलाचा. त्यात निकेल-क्रोमियमचीही एकदा तपासणी हवी. बेसॉल्टमध्ये ती फार नसतात, ऑलिव्हिन या खनिजाच्या खडकांत जास्त असतात, पण प्रत्येक खाणीचा दगड वेगळा. दर वर्षी टाकणार असाल तर भाताच्या दाण्यातही बघायला हवं.

कातळवाट

मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्यापैकी कुणी शेतात टाकून पाहिलेलं दिसत नाही, तर आपणच बघू. तुम्हा सगळ्यांच्या सूचनांवरून आराखडा असा धरलाय.

जागा माझ्या मामांच्या शेतातली, जांभ्याची, रस्त्यालगत, म्हणजे पाट्या वाहायला नकोत. शेजारशेजारची दोन खाचरं, एकाच मापाची, एकच वाण, खतही तेच. एकात ओला गाळ गुंठ्याला ४०० किलो, दुसरं तसंच. मे महिन्यात दोन्हींची माती तपासायची, पुन्हा कापणीनंतर. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बांधाच्या तोंडातून बाहेर पडणारं पाणी बाटलीत घ्यायचं आणि त्यातलं बायकार्बोनेट मोजायचं. गाळाचं पाणी बिनगाळाच्या खाचरात उतरू नये म्हणून गाळ खालच्या खाचरात टाकेन. निदान तीन पावसाळे.

दोन गोष्टी हव्यात: रसायन न घालणाऱ्या प्लांटचा गाळ, आणि पाणी तपासायला प्रयोगशाळा.

घणकरी

गाळ माझ्याकडून, दोन ट्रॉल्या. वाहतूक तुमची.

खालचीआळी

माझ्या रोपवाटिकेचे दोन वाफे धरा. एकात राख, एकात गाळ. रोपांची उंची मी लिहून ठेवीन. राख जिंकली तर तसंच इथं लिहीन हं.

मृदगंध

बायकार्बोनेटचं टायट्रेशन (आम्ल थेंबथेंब घालून मोजणं) आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होईल, मुलांना प्रकल्पही मिळेल. फक्त खाचराचं पाणी खालच्या बाजूने झिरपूनही जातं, त्यामुळे बांधाच्या तोंडाचं तेवढं पुरणार नाही. प्रत्येक खाचरात हातभर खोल एक भोकांचा पाइप पुरा, तोंडाला झाकण, आणि त्यातलंही पाणी घ्या. बाटली काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, बर्फात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत पोहोचवा. आणि पहिला नमुना गाळ टाकायच्या आधीचा हवा, म्हणजे पाइप एप्रिलमध्येच पुरून ठेवा.